मिड-ड्राइव्ह विद्युत माउंटन सायकल : साखळीसंचाची झीज व बॅटरीची निवड यांचा परस्परसंबंध

सारांश

विद्युत माउंटन सायकलीच्या बाबतीत साखळीसंचाची झीज आणि बॅटरीची निवड हे दोन स्वतंत्र प्रश्न समजले जातात. पहिला दुरुस्तीचा आणि दुसरा खरेदीचा. मिड-ड्राइव्ह रचनेत मात्र मोटरची सर्व शक्ती साखळीतूनच मागील चाकाकडे जाते. त्यामुळे बॅटरीतून निघालेली आणि मोटरने चाकासाठी रूपांतरित केलेली ऊर्जा साखळीच्या प्रत्येक सांध्याची परीक्षा घेते. हे दोन्ही प्रश्न एकाच ऊर्जा-हिशेबाच्या दोन बाजू आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात प्राथमिक यामिकी व साध्या आकडेमोडीच्या आधारे केले आहे.

प्रमुख संज्ञा : मिड-ड्राइव्ह मोटर, साखळी, झीज, वॅट-तास, लिथियम-आयन बॅटरी, गिअर.

१. प्रस्तावना

सायकलीला विजेची जोड देण्याचे प्रयत्न जुने असले तरी पेडलवरील दाब मोजून त्या प्रमाणात साहाय्य देणारी सायकल प्रथम जपानमध्ये बाजारात आली. यामाहा कंपनीने १९९३ मध्ये 'पास' या नावाने ती विक्रीस आणली. २०१० नंतरच्या दशकात युरोपात, विशेषतः जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या डोंगराळ भागाच्या देशांत, हे तंत्र माउंटन सायकलीवर आले आणि स्थिरावले. युरोपीय संघाच्या नियमांनुसार २५० वॅट सातत्यपूर्ण शक्तीपर्यंतची मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य थांबवणारी पेडल-साहाय्यित सायकल ही कायद्याने सायकलच मानली जाते. चढावर मात्र हीच मोटर अल्पकाळ याहून बरीच अधिक शक्ती देऊ शकते.

या सायकली वापरणाऱ्यांची एक तक्रार सर्वत्र सारखी ऐकू येते. साध्या सायकलीवर दीर्घकाळ टिकणारी साखळी येथे लवकर निकामी होते. दुसरीकडे, खरेदी करताना विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, "बॅटरी किती मोठी?" या तक्रारीचा आणि या प्रश्नाचा एकमेकांशी काही संबंध आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. परिणामी पैसा अनाठायी खर्च होतो आणि धातू व लिथियम यांसारखी मौल्यवान साधनसामग्री अकाली भंगारात जाते.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

(अ) मिड-ड्राइव्ह रचनेत साखळीसंच का व कसा झिजतो हे स्पष्ट करणे.
(आ) बॅटरीची धारकता, वजन व आयुष्य यांचा वापराच्या पद्धतीशी असलेला संबंध दाखवणे.
(इ) या दोहोंना जोडणारा समान दुवा शोधून व्यवहारोपयोगी सूचना करणे.

लेखातील आकडेमोड ही स्पष्टीकरणासाठी आहे. तिच्यातील गृहीतके त्या त्या ठिकाणी नोंदवली आहेत. वाचकाने आपल्या सायकलीचे आकडे घालून ती पुन्हा करून पाहावी, अशी अपेक्षा आहे.

३. मिड-ड्राइव्ह रचनेचे स्वरूप

विद्युत सायकलीत मोटर मुख्यतः दोन ठिकाणी बसवली जाते. चाकाच्या तुंब्यात बसणाऱ्या मोटरला हब मोटर म्हणतात. ती थेट चाक फिरवते. तिच्या शक्तीचा साखळीशी संबंध येत नाही. तेथे साखळीवर केवळ स्वाराच्या पायांचा भार असतो. परंतु हब मोटरला सायकलीच्या गिअरचा लाभ मिळत नाही. तीव्र चढावर चाक सावकाश फिरते, तशी मोटरही सावकाश फिरते, अधिक विद्युतप्रवाह घेते आणि तापते.

मिड-ड्राइव्ह मोटर क्रँकच्या आसाशी, म्हणजे दोन पेडलांच्या मध्यभागी, बसवलेली असते. स्वाराचे बळ व मोटरचे बळ तेथे एकत्र होते आणि पुढील दातेरी चक्र, साखळी व मागील चक्रसंच या मार्गाने चाकापर्यंत जाते. त्यामुळे मोटरलाही गिअर वापरता येतात. डोंगर चढण्याची या रचनेची क्षमता येथूनच येते आणि तिची किंमतही येथेच मोजावी लागते.

ही किंमत आकड्यांत पाहू. शिमानो कंपनीची २०२० मध्ये आलेली ईपी८ ही मोटर क्रँकपाशी कमाल ८५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. पुढील चक्राला ३४ दाते असतील आणि साखळीच्या दोन पिनांमधील अंतर नेहमीप्रमाणे १२.७ मिलिमीटर असेल, तर चक्राची त्रिज्या सुमारे ६८.७ मिलिमीटर येते. म्हणजे एकट्या मोटरमुळे साखळीवर सुमारे १,२४० न्यूटन, अर्थात १२६ किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. त्यात स्वाराचे ५० न्यूटन-मीटर मिळवले तर हा ताण २०० किलोच्या घरात जातो. बहुतेक साखळ्यांची रुंदी व पिनांचा आकार मात्र साध्या सायकलीवरच्याच असतात.

४. साखळीसंचाची झीज

४.१ साखळी लांबते म्हणजे काय?

सायकल दुरुस्त करणारे कारागीर 'चेन लांबली' असे म्हणतात. वस्तुतः पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आज वापरात असलेल्या रोलर साखळीचा पाया हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये घातला. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि साखळी चक्रावर चढताना व उतरताना तो सांधा पिनेभोवती थोडासा वळतो. या वळण्यात धातूवर धातू घासतो. पिन आणि तिच्याभोवतीची कड झिजली की दोन पिनांमधील अंतर किंचित वाढते. असे शंभराहून अधिक सांधे एकत्र आले की साखळी मोजता येईल इतकी लांब होते.

अकरा व बारा गिअरच्या साखळीसाठी ०.५ टक्के वाढ ही बदलाची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते, तर आठ ते दहा गिअरच्या साखळीसाठी ०.७५ टक्के. ०.५ टक्के म्हणजे प्रत्येक सांध्यामागे सुमारे ०.०६ मिलिमीटर. कागदाच्या पानाच्या जाडीहूनही कमी. मोजमाप मात्र सोपे आहे. नव्या साखळीतील २४ सांध्यांची लांबी ३०४.८ मिलिमीटर भरते. ती सुमारे ३०६.३ मिलिमीटर झाली की ही मर्यादा गाठली गेली, असे समजावे. प्रयोगशाळेतील पोलादी पट्टी त्यासाठी पुरेशी आहे.

ही मर्यादा ओलांडली तर हानी साखळीपुरती राहत नाही. लांबलेली साखळी चक्राच्या दात्यांवर वर सरकून बसते आणि दाते आपल्या मापाने झिजवते. त्यानंतर नवी साखळी घातली तरी ती जुन्या दात्यांवरून घसरते आणि संपूर्ण चक्रसंच बदलावा लागतो. साखळीपेक्षा चक्रसंच कितीतरी महाग असतो. त्यामुळे साखळी वेळेवर बदलणे हीच येथे काटकसर ठरते.

४.२ झिजेचे खरे परिमाण : किलोमीटर की ऊर्जा?

घर्षणजन्य झिजेविषयी जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेला नियम असा : झीज ही भार व सरकण्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. साखळीच्या बाबतीत भार म्हणजे ताण आणि सरकण्याचे अंतर म्हणजे सांध्यांच्या वळणांची संख्या गुणिले प्रत्येक वळणाचा कोन. ताण व साखळीने कापलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजेच साखळीतून गेलेली ऊर्जा. म्हणून वंगण, स्वच्छता व चक्रांचे आकार समान असतील तर झीज ही प्रामुख्याने साखळीतून गेलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात होते, असा निष्कर्ष निघतो.

एक उदाहरण घेऊ. स्वार, सायकल व सामान मिळून ११० किलो वजन १,००० मीटर उंच चढवायचे आहे. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३०० वॅट-तास ऊर्जा लागते. रस्त्याचे व हवेचे घर्षण यांसाठी त्यावर २० टक्के धरले तर ३६० वॅट-तास होतात. ही सर्व ऊर्जा साखळीतून जाते. स्वार १२० वॅट शक्तीने दीड तास पेडल मारत असेल तर त्याचा वाटा १८० वॅट-तास आणि उरलेले १८० मोटरचे. मोटर नसती तर तोच स्वार त्याच दीड तासात १८० वॅट-तासच साखळीतून पाठवू शकला असता आणि साधारण निम्माच डोंगर चढला असता.

म्हणजेच स्वार जितके तास सायकल चालवतो तितकेच तास चालवत राहिला तरी साखळीचे काम येथे दुप्पट होते. लवकर झिजणारी साखळी ही सदोष असतेच असे नाही. पुष्कळदा तिने आपले आयुष्य कमी दिवसांत पूर्ण केलेले असते. साखळीचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजण्याऐवजी चढलेल्या एकूण उंचीत मोजणे त्यामुळे अधिक युक्त ठरते. बहुतेक सायकल-संगणक ही नोंद ठेवतात.

४.३ गिअरची भूमिका

ऊर्जा ठरलेली असली तरी ती कशी पाठवायची हे स्वाराच्या हाती असते. वरील चढ १० टक्के उताराचा, दहा किलोमीटर लांबीचा आहे आणि तो एका तासात चढायचा आहे, असे समजू. एकूण शक्ती ३६० वॅट लागेल. २९ इंची चाक व पुढे ३४ दाते असताना मागे २४ दात्यांचे चक्र निवडले तर पेडल मिनिटास सुमारे ५१ फेरे घेते आणि साखळीवर सरासरी ९७५ न्यूटन ताण येतो. मागे ४२ दात्यांचे चक्र निवडले तर पेडलचे फेरे ९० होतात आणि ताण ५६० न्यूटनपर्यंत उतरतो. वेग तोच, चढ तोच, शक्तीही तीच.

यातून तीन लाभ होतात. पहिला, कमी ताणाखाली वंगणाचा थर टिकून राहतो. दुसरा, मोठ्या चक्रावर सांधा कमी वळतो. २४ दात्यांवर तो १५ अंशांत वळतो, तर ४२ दात्यांवर साडेआठ अंशांत. पुढील चक्रावरचे सुमारे साडेदहा अंश दोन्हीकडे मिळवले, तरी त्याच ऊर्जेमागे भार व घासण्याचे अंतर यांचा गुणाकार सुमारे पाव हिश्शाने घटतो. तिसरा, मोठ्या चक्रावर भार अधिक दात्यांत विभागला जातो. येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे. वजन वाचवण्यासाठी काही चक्रसंचांत सर्वांत मोठी चक्रे ॲल्युमिनियमची केलेली असतात. हा धातू पोलादापेक्षा मऊ असल्याने विद्युत सायकलीसाठी पूर्ण पोलादी संच घेणे हिताचे, जरी त्याचे वजन काहीसे अधिक असले तरी.

सर्वांत मोठी हानी मात्र पूर्ण ताणाखाली गिअर बदलताना होते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्षणी मोजक्या दात्यांवर सारा भार येतो. साध्या सायकलीवर स्वार त्या क्षणी पाय सहज सैल सोडतो. मोटर मात्र क्षणभर ओढतच राहते. म्हणून चढ सुरू होण्यापूर्वीच, पेडलवरील दाब कमी करून, एका वेळी एकच गिअर बदलावा.

४.४ उत्पादकांचे उपाय

या समस्येची दखल उत्पादकांनीही घेतली आहे. स्रॅम कंपनीने २०१६ मध्ये ईएक्स१ हा केवळ आठ गिअरचा, खास विद्युत सायकलींसाठीचा संच आणला. शिमानोने २०२१ मध्ये लिंकग्लाइड ही जाड दात्यांची मालिका आणली. ती पूर्वीच्या संचांच्या तिप्पट टिकते, असा कंपनीचा दावा आहे. पिनियन कंपनीने २०२३ मध्ये मोटर व बारा गिअरची पेटी एकाच आवरणात बसवून साखळीऐवजी पट्टा वापरण्याची सोय केली. गिअरची संख्या वाढवण्याच्या दीर्घ स्पर्धेनंतर कमी गिअर व अधिक जाडी यांकडे झालेले हे वळण बोलके आहे.

५. बॅटरीची निवड

५.१ धारकता वाचावी कशी?

बॅटरीवर व्होल्ट व अँपिअर-तास असे दोन आकडे असतात. केवळ अँपिअर-तासांची तुलना फसवी ठरते. ३६ व्होल्ट व १४ अँपिअर-तास यांचा गुणाकार ५०४ वॅट-तास येतो आणि ४८ व्होल्ट व १०.५ अँपिअर-तास यांचाही तेवढाच येतो. तुलना नेहमी वॅट-तासांत करावी.

५.२ मोठी बॅटरी की सांभाळून वापर?

वरील उदाहरण पुढे नेऊ. मोटरची सरासरी कार्यक्षमता ८० टक्के मानली, तर मोटरचे १८० वॅट-तास मिळवण्यासाठी बॅटरीतून २२५ वॅट-तास खर्च होतात. हा मध्यम साहाय्याचा प्रकार झाला. स्वाराने कमाल साहाय्य घेऊन तोच चढ एका तासात, १०० वॅट शक्ती लावून चढायचे ठरवले, तर मोटरला २६० वॅट-तास द्यावे लागतात आणि बॅटरीतून ३२५ जातात.

आता ५०० वॅट-तासांची बॅटरी मध्यम साहाय्यावर सुमारे २,२०० मीटर चढवते. ७५० वॅट-तासांची बॅटरी कमाल साहाय्यावर सुमारे २,३०० मीटर चढवते. दीडपट बॅटरीचा जवळजवळ सर्व लाभ वापराच्या सवयीत नाहीसा झाला. साहाय्याची पातळी निवडणे हीदेखील एक प्रकारे बॅटरीचीच निवड आहे, आणि ती विनामूल्य आहे.

५.३ वजनाचा प्रश्न

मोठ्या बॅटरीविरुद्ध वजनाचा मुद्दा मांडला जातो. प्रचलित ५०० व ७५० वॅट-तासांच्या बॅटरींमध्ये साधारण दीड किलोचा फरक असतो. हा दीड किलो १,००० मीटर चढवण्यास अवघे ४ ते ५ वॅट-तास अधिक लागतात. अडीचशे वॅट-तासांच्या वाढीपुढे ते नगण्यच. ऊर्जेच्या दृष्टीने वजनाचा आक्षेप टिकत नाही. तो टिकतो हाताळणीच्या दृष्टीने. उतारावर, तीव्र वळणावर किंवा सायकल उचलून ओढा ओलांडताना दीड किलो जाणवतो. म्हणून काही उत्पादक लहान मुख्य बॅटरी व आवश्यकतेनुसार लावायची पूरक बॅटरी अशी जोडी देतात. बॉश कंपनीची २५० वॅट-तासांची पूरक बॅटरी हे तिचे उदाहरण होय.

५.४ बॅटरीचे आयुष्य

लिथियम-आयन बॅटरी दोन प्रकारे वृद्ध होते : वापराने आणि केवळ काळाने. पूर्ण चार्ज केलेल्या अवस्थेत व उष्णतेत पडून राहिलेली बॅटरी न वापरताही झिजते. पूर्ण रिकामी होऊन पूर्ण भरणे हे अर्धवट वापरापेक्षा अधिक क्लेशदायक असते. त्यामुळे मोठी बॅटरी समान कामासाठी उथळ आवर्तनात वापरली जाते व अधिक टिकते. मोठ्या बॅटरीचा हा खरा लाभ आहे. दीर्घकाळ ठेवायची असल्यास ३० ते ६० टक्के चार्ज व थंड, कोरडी जागा योग्य. शून्य अंशाखालील तापमानात चार्ज केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साठू शकते व सेलची कायमची हानी होते. म्हणून हिमाच्छादित प्रदेशातून आलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्ज करावी.

खरेदीपूर्वी सुसंगतीही तपासावी. बॅटरी व मोटर यांच्यात संदेशवहन चालते. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही अदलाबदल होईलच असे नाही. बॉशच्या २०२१ मध्ये आलेल्या नव्या प्रणालीची बॅटरी तिच्या आधीच्या प्रणालीवर चालत नाही. स्वस्त, अप्रमाणित बॅटरी जोडणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून विक्रीच्या विद्युत सायकलींना सुरक्षा-प्रमाणन सक्तीचे केले, ते याच धोक्यामुळे.

६. दोन प्रश्नांना जोडणारा दुवा

साखळी व बॅटरी यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे गिअरची निवड. मोटरचा टॉर्क स्थूलमानाने विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात असतो आणि तांब्याच्या वेटोळ्यांत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.३ मधील उदाहरणात २४ ऐवजी ४२ दात्यांचे चक्र निवडल्याने टॉर्क ०.५७ पट होतो आणि वेटोळ्यांतील उष्णता सुमारे एक-तृतीयांशावर येते. जड गिअरमध्ये, सावकाश पेडल मारत चढ चढणारा स्वार एकाच चुकीने साखळी घासतो, मोटर तापवतो व बॅटरी रिकामी करतो. याउलट हलका गिअर व मिनिटास ८०-९० फेरे ही एकच सवय या तिन्हींचे रक्षण करते.

मोठी बॅटरी घेण्याचा परिणामही या दृष्टीने पाहावा. मोठ्या बॅटरीने साखळी थेट झिजत नाही. मात्र ती अधिक उंची चढण्याची मुभा देते आणि त्या प्रत्येक मीटरची नोंद साखळीवर होते. मोठ्या बॅटरीच्या किमतीत अधिक वेळा लागणाऱ्या साखळ्यांचा खर्च मिळवूनच निर्णय घ्यावा.

७. भारतीय संदर्भ

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही २५० वॅटपेक्षा कमी शक्ती व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या बॅटरीचालित वाहनांना, अन्य अटींच्या अधीन राहून, मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. आपल्याकडील परिस्थितीमुळे मात्र वरील हिशेबात दोन घटकांची भर पडते. पहिला पाऊस. सह्याद्रीतील चिखलात कातळाचे बारीक कण असतात. ते वंगणात मिसळले की पिनेभोवती घासलेपाचे काम करतात. पावसाळी फेरीनंतर साखळी पुसून, वाळवून पुन्हा वंगण देणे हा ऐच्छिक भाग राहत नाही. ते करताना जोराच्या पाण्याचा झोत मोटरच्या आसावर मारू नये. दुसरा घटक उन्हाळा. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे होय.

लडाख किंवा हिमाचलात सायकल घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची आणि विमान कंपनीच्या परवानगीने १६० वॅट-तासांपर्यंतचीच सुटी लिथियम-आयन बॅटरी नेता येते. विद्युत माउंटन सायकलीची मुख्य बॅटरी या मर्यादेबाहेर जाते. आयुष्य संपलेल्या बॅटरीसाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू असून तिची परतफेरी करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये.

८. निष्कर्ष

१. मिड-ड्राइव्ह सायकलीच्या साखळीची झीज प्रामुख्याने तिच्यातून गेलेल्या ऊर्जेवर अवलंबून असते. म्हणून तिचे आयुष्य किलोमीटरऐवजी चढलेल्या उंचीत मोजावे.
२. साखळी ०.५ टक्के लांबताच बदलल्यास महागडा चक्रसंच वाचतो.
३. साहाय्याच्या पातळीतील फरक हा बॅटरीच्या धारकतेतील फरकाइतकाच प्रभावी ठरू शकतो.
४. मोठ्या बॅटरीचे वजन ऊर्जेच्या दृष्टीने गौण व हाताळणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तिचा मुख्य लाभ उथळ आवर्तनामुळे मिळणारे दीर्घ आयुष्य हा आहे.
५. हलका गिअर व जलद पेडल ही सवय साखळी, मोटर व बॅटरी या तिन्हींना समान हितकारक आहे.

पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र व पर्यावरणशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना हे उदाहरण वर्गात वापरता येण्याजोगे आहे. एक साखळी, एक पोलादी पट्टी आणि वर्षभराची चढाची नोंद एवढ्या सामग्रीवर पदवीस्तरावरील चांगला प्रकल्प उभा राहू शकतो. यंत्राची शक्ती वाढली म्हणजे ते वापरणाऱ्याची जबाबदारी कमी झाली, असा समज सर्वत्र रूढ होत आहे. ही सायकल त्याच्या उलट सांगते. येथे मोटर स्वाराच्या चांगल्या सवयीला जेवढी साथ देते, तेवढीच त्याच्या चुकीलाही देते.